याला मोड किती येईल?

'बेस्ट आउट ऑफ वेस्ट' ही स्पर्धा जिथे कधीच झाली नाही अशी शाळा महाराष्ट्रात असेल, तर मला जरूर कळवा. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये ती दरवर्षी व्हायची आणि दरवर्षी आदल्या संध्याकाळी कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात हीऽऽ गर्दी. कशाला? तर 'वेस्ट' विकत घ्यायला! नव्या आइस्क्रीमच्या काड्या, नव्या टिकल्या, नवी चमकी, नवं थर्माकोल. घरात जो खरोखरचा कचरा पडलेला असायचा त्याला कोणी हात लावत नसे, कारण तो दिसायलाही कचऱ्यासारखाच असायचा ना!

इंजिनिअरिंगला आल्यावर हे प्रकरण संपेल असं वाटलं होतं. पण यंदाच्या गॅदरिंगला 'अपसायकल्ड ज्वेलरी' नावाची स्पर्धा झाली (तेच ते, फक्त नाव फॉरेनचं) आणि पहिला नंबर आला खेळण्यातल्या बारा छोट्या गाड्यांच्या नेकलेसला. सुंदर होता, खोटं कशाला बोलू? फक्त त्या बाराही गाड्या कोऱ्या करकरीत होत्या. एकीच्या पोटावर किमतीचा स्टिकरसुद्धा तसाच! म्हणजे कारखान्यातून निघालेली गाडी एकाही पोराच्या हातात न पडता थेट गळ्यात. याला रिसायकलिंग म्हणायचं असेल तर नवा शर्ट आणून त्याचं पायपुसणं केलं तरी बक्षीस द्यायला हवं.

असो. नमनालाच घडाभर तेल गेलं. मुद्दा असा, की तुटक्या खेळण्यांपासून कानातली, पिना, की-चेन, केसांचे चाप असं काहीबाही बनवायचा उद्योग मी आणि माझी रूममेट गेलं दीड वर्ष करतोय. त्यामुळे लांबून नाकं मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. मला हे काम मनापासून आवडतं, आणि म्हणूनच त्याच्या नावावर जे काही खपवलं जातंय ते बघवत नाही. माझं म्हणणं सरळ आहे : जो दागिना पुन्हा सुटा करता येत नाही, त्याला रिसायकल केलेला म्हणू नये.

हा विचार मला कुठल्या लेक्चरमध्ये मिळाला नाही. तो आजीकडून आला. लेगोच्या विटांची पहिली कानातली तिला दाखवली, तेव्हा तिने ती हातात घेतली, उलटसुलट केली, आकडा ओढून बघितला आणि म्हणाली, "छान आहेत गं. पण याला मोड किती येईल?"

माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांसाठी खुलासा : सोन्याचा जुना दागिना सोनाराकडे दिला की तो वितळवून नवा करतात, त्याला 'मोडणे' म्हणतात, आणि त्याचे जे पैसे हाती येतात ती 'मोड'. त्यातून सोनार घट कापतो. मजुरी मात्र कायमची गेलेली असते. आजीच्या आईच्या पाटल्या मोडून आजीचे तोडे झाले, तोडे मोडून आईचं मंगळसूत्र आणि माझ्या बारशाच्या बाळ्या. तेच सोनं, चार पिढ्या. आपण ज्याला 'क्लोज्ड लूप रिसायकलिंग' म्हणून दहा मार्कांचं उत्तर लिहितो, ते आपल्या घराघरात तांबड्या कागदात गुंडाळून ठेवलेलं असतं. गंमत म्हणजे आजी तिचं ज्ञान फुकट देते आणि आपण फी भरून ते इंग्रजीत ऐकतो.

तर आता प्लास्टिकचा दागिना मोडायचा झाला तर काय होईल? बाजारात (आणि रील्समध्ये) मिळणारे बहुतेक 'टॉय इअररिंग्ज' घ्या. बाहुलीचं डोकं पीव्हीसीचं, त्यावर ग्लू गनने चिकटवलेली धातूची पट्टी, वरून रेझिनचा थर, रेझिनमध्ये चमकी. ही वस्तू तुटली की भंगारवालाही तिला हात लावणार नाही. धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये प्लास्टिक निवडणारी माणसं नुसत्या आवाजावरून, वाकवून, वासावरून प्लास्टिक ओळखतात. पण चार पदार्थ एकमेकांना कायमचे चिकटले की ती तरी काय करणार? म्हणजे जे खेळणं निदान भंगारात जाऊ शकत होतं, त्याचा रस्ताच आपण बंद केला. सहा महिने मिरवलं आणि मग थेट कचरा डेपो.

आमच्या टीई मेकॅनिकलच्या कोणालाही विचारा, 'डिझाइन फॉर डिसअसेम्ब्ली' म्हणजे काय. पाठ म्हणून दाखवतील. स्टॉलवर मात्र तेच हात ग्लू गन शोधतात!

आता आमची पद्धत सांगते. मागच्या दिवाळीआधी आम्ही वर्कशॉपबाहेर एक खोका ठेवला आणि नोटीस लावली : सुट्टीत माळा साफ कराल तेव्हा तुटकी खेळणी फेकू नका, इकडे आणा. सुट्टीनंतर मोजदाद केली. ११३ वस्तू, मेसच्या काट्यावर साडेअकरा किलो. आणि खरा धक्का इथे बसला. त्यातल्या ५८ वस्तू तुटलेल्या नव्हत्याच! काही धडधाकट, काहींचं एखादं चाक निसटलेलं, आणि बऱ्याचशा फक्त सेल गळून बंद पडलेल्या. साध्या झिंक-कार्बन पेन्सिल सेलची गळती पत्र्याच्या पट्ट्यांवर जमते. ती पॉलिश पेपरने घासली, नवे सेल घातले की बाहुली लगेच गायला लागते. (अल्कलाईन सेल असतील तर गळती क्षाराची असते, तिथे लिंबाचे दोन थेंब चालतात. हातात ग्लोव्हज मात्र हवेत.) एक माकड रात्री अकरा वाजता आपोआप डमरू वाजवायला लागलं आणि अख्ख्या मजल्याने आम्हाला शिव्या घातल्या. पण चालू झालं!

मग या ५८ वस्तूंचे दागिने करायचे का? आमचं ठरलं, नाही. चालणारं खेळणं हा कच्चा माल नाही, ते खेळणं आहे. ती आम्ही कॉलेजच्या मागे चालू असलेल्या बांधकामावरच्या पाळणाघरात दिली. माझ्या रूममेटचा जीव एका जपानी बाहुलीवर अडकला होता, "फक्त हिचे डोळे घेऊ या ना यार," म्हणून दोन दिवस मागे लागली होती. पण बाहुली गेली. मला वाटतं या छंदातला सगळ्यात मोठा प्रश्न हाच आहे. दागिना चांगला होईल म्हणून खेळणं मोडायचं, की खेळणं मोडलंय म्हणून दागिना करायचा? पहिल्याला मी फॅशन म्हणते. करा खुशाल, पण पर्यावरणाचं नाव घेऊ नका.

उरलेल्या ५५ चं वर्गीकरण हा खरा इंजिनिअरिंगचा भाग. शीतपेयाच्या बाटलीवर त्रिकोणात नंबर असतो, खेळण्यावर तो बहुतेक नसतोच. मग ओळखायचं कसं? बादली आणि मीठ! पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिन पाण्यावर तरंगतात, कारण त्यांची घनता एकपेक्षा कमी. एबीएस, म्हणजे लेगोच्या विटांचं प्लास्टिक, साधारण १.०५, ते साध्या पाण्यात बुडतं. पण लिटरभर पाण्यात ३५० ग्रॅम मीठ विरघळवलं की पाण्याची घनता १.२ च्या आसपास जाते आणि एबीएस वर येतं. पीव्हीसी बहुधा खालीच बसून राहतं. पोकळ खेळण्यात हवा अडकते म्हणून तुकडा कापून टाकायचा. स्वस्त खेळण्यांत खडूची पूड मिसळलेली असते, ती फसवते. म्हणून शंका आली की केमिस्ट्री लॅबमध्ये तापवलेल्या तांब्याच्या तारेला तुकडा लावून ज्योतीत धरायचा. हिरवी ज्योत म्हणजे क्लोरीन, म्हणजे बहुतेक पीव्हीसी. हे फ्यूम हूडखालीच, घरी अजिबात करू नका. तो धूर विषारी असतो.

एवढा पीव्हीसीचा पाठलाग कशासाठी? त्याचं उत्तर बार्बीच्या कानात आहे. बार्बी ९ मार्च १९५९ ला न्यूयॉर्कच्या टॉय फेअरमध्ये पहिल्यांदा आली, आणि त्या काळच्या बार्बीच्या कानात धातूची कर्णफुलं टोचलेली असत. पुढे त्या बाहुल्यांच्या कानांभोवती हिरवे डाग पडायला लागले. जमवणारे त्याला 'ग्रीन इअर' म्हणतात. कर्णफुलातलं तांबं आणि मऊ पीव्हीसी यांचं जमत नाही. तांबं गंजतं आणि त्याचे हिरवे क्षार प्लास्टिकमध्ये झिरपतात. आता बघा, खेळण्याचा दागिना करणारे आपण काय करतो? तुळशीबागेतून पितळी आकडा आणतो आणि बाहुलीच्या डोक्यात घुसवतो. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. साठ वर्षांपूर्वी बाहुलीच्या कानात जे झालं, तेच आता आपल्या कानाशी! शिवाय मऊ पीव्हीसीमधलं प्लास्टिसायझर हळूहळू बाहेर येतं, जुन्या बाहुल्या हाताला चिकट लागतात त्या त्यामुळेच. म्हणून आमच्याकडे पीव्हीसीचा दागिना होत नाही. त्याचे फक्त पिशवीला लटकवायचे की-चेन, तेही स्टीलच्या कडीचे.

रंगाचीही एक भानगड आहे. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या अँड्र्यू टर्नर यांनी घरं, पाळणाघरं आणि सेकंडहँड दुकानांतली २०० जुनी प्लास्टिकची खेळणी एक्स-रे फ्लुओरेसन्सने तपासली आणि २०१८ मध्ये निष्कर्ष मांडले. शिसं, कॅडमियम, क्रोमियम, ब्रोमीन असे घातक घटक त्यांत सापडले, आणि त्यातही लाल, पिवळ्या आणि काळ्या रंगांत जास्त करून. काळ्याचं कारण वाचून मी डोक्याला हात लावला : जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंचं प्लास्टिक रिसायकल होऊन काळ्या वस्तूंमध्ये शिरतं, आणि त्यासोबत आग रोखणारी ब्रोमीनची रसायनंही येतात. रिसायकलिंग म्हटलं की सगळं शुद्ध, हिरवं, पवित्र असं समजणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. आपल्याकडेही दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक संस्थेला २००६ मध्ये दिल्ली, मुंबई आणि चेन्नईतल्या मऊ प्लास्टिकच्या खेळण्यांत शिसं आणि कॅडमियम सापडलं होतं. खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा झाला तो १ जानेवारी २०२१ पासून. म्हणजे आपल्या वयाच्या मंडळींची माळ्यावरची सगळी इस्टेट त्याच्या आधीची!

घाबरवायचा उद्देश नाही. कपाटात ठेवलेली गाडी कोणाला विष देत नाही. पण दागिना त्वचेवर बसतो, घामात भिजतो, आणि घरात लहान भाचरं असतील तर तो त्यांच्या तोंडातही जातो. म्हणून जुना लाल-पिवळा किंवा रंग उडालेला तुकडा गळ्यात किंवा बोटात नाही, आणि लहान मुलांसाठी काहीच बनवायचं नाही, हा आमचा नियम. कानातल्याचा आकडा स्टीलचा नाहीतर चांदीचा. स्वस्त आकड्यांमध्ये निकेल असतं आणि निकेलची ॲलर्जी फार जणींना असते.

आता जोडणी. हा माझा सगळ्यात आवडता भाग, त्यामुळे संपादक मंडळाने कृपया इथे कात्री चालवू नये. गोंद नाही म्हटल्यावर उरतं काय? भोक आणि कडी. हाताने फिरवायचं छोटं गिरमिट, एक मिलिमीटरचं बिट. मशीनवर जोरात फिरवलं तर एबीएस वितळून बिटला गुंडाळतं आणि भोकाला मिशा फुटतात. भोक कडेपासून निदान दोन मिलिमीटर आत, नाहीतर ओढलं की तडा. (स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशनवर सबमिशनमध्ये चार पानं लिहिली होती, ते खरं कळलं ते झुरळाच्या आकाराच्या एका डायनोसॉरमुळे.) कडी पकडीने उघडायची ती बाजूला सरकवून, फाकवून नाही. वजनाची काळजी नसते, लेगोची मोठी आठ बटणांची वीट साधारण २.३ ग्रॅम भरते. पॉलिप्रॉपिलीनला तर फेविक्विकसुद्धा नीट धरत नाही, तिथे कडीला पर्यायच नाही. आणि एबीएसला एबीएस जोडायचं असेल तर नेलपॉलिश रिमूव्हर! त्यात ॲसिटोन असेल तर एबीएस त्यात विरघळतं. तुकड्यांची दाट पेस्ट करून लावली की ॲसिटोन उडून जातं आणि मागे उरतं नुसतं एबीएस. जोडही त्याच पदार्थाचा, म्हणजे 'मोड' शाबूत. खिडकी उघडी ठेवून आणि विस्तव लांब ठेवून करायचं, एवढंच.

कोणी म्हणेल, जगात मोठमोठे कलाकार हेच करतात, त्यांना का नाही बोलत? बरोबर. अमेरिकेतली मार्गो लँग बार्बीचे डोळे, ओठ, हात कापून चांदीत जडवते. सॅन फ्रान्सिस्कोची एमिको ओये लेगोच्या विटांचे असे हार करते, की राजघराण्याच्या तिजोरीतून काढल्यासारखे वाटावेत. मला दोघींचं काम प्रचंड आवडतं. पण तिथे विकली जाते ती कला. बार्बीच्या तुकड्यांतून ती बाईच्या शरीराबद्दल काहीतरी म्हणतेय, आणि ते चांदीत जडवल्यामुळे माणसं जपून ठेवतात. कॉलेजच्या स्टॉलवरचं साठ रुपयांचं कानातलं कोणी वारसाहक्काने देत नाही.

मला आदर्श हवा असेल तर तो पुण्यातच आहे. अरविंद गुप्ता यांचं नाव आपल्यापैकी निम्म्यांनी शाळेत ऐकलेलं असेल. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, काही काळ टेल्कोत, पुढे आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत, २०१८ ला पद्मश्री. ते उलट्या दिशेने जातात, कचऱ्यातून खेळणी. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे एवढ्यातून ते त्रिकोण, घन, घरं उभी करतात. काडी ट्यूबमध्ये खोचायची. गोंद नाही. त्यामुळे घर मोडून पूल करता येतो, पूल मोडून परत घर. मुलांनी खेळणं मोडून बघावं असंही ते सांगत आलेत. माझ्या आजीची आणि त्यांची गाठ घालून द्यायला हवी!

रूममेट म्हणते, "एवढा कीस कशाला पाडतेस? कचऱ्यातून काहीतरी वाचतंय ना?" म्हणून हिशोब केला. एका जोडीत साधारण पाच ग्रॅम प्लास्टिक. दीड वर्षात आम्ही दोनशे दहा जोड्या केल्या. म्हणजे किलोभर, धरून चाला. एका दिवाळीचा एक खोका साडेअकरा किलोचा! हे बघितल्यावर "आम्ही पर्यावरण वाचवतो" असं पोस्टरवर लिहायला हात धजत नाही. आमच्या पुठ्ठ्यावर आता एवढंच लिहिलेलं असतं : 'तुटलेल्या खेळण्यांचे. गोंद नाही. कंटाळा आला तर परत आणा, सुटे करून देऊ.' किंमत एकशे वीस. त्यातले पंधरा-वीस आकडे आणि कड्यांचे, बाकी मजुरी. एका जोडीला धुऊन, निवडून, भोकं पाडून चाळीस मिनिटं लागतात. "फुकटच्या कचऱ्याचे एवढे?" असं विचारणाऱ्याला मी गिरमिट हातात देते.

आत्तापर्यंत नऊ जोड्या परत आल्या. कड्या सोडवल्या, आकडे उकळून पुन्हा वापरले, विटा डब्यात गेल्या. एका मुलीने तर स्वतःच्या कानातल्याची अंगठी करून नेली. ते ऐकून आजी म्हणाली, "हं. घट नाही कापलीस ना?"

गॅदरिंग कमिटीला एक सूचना लेखी दिली आहे : पुढच्या वर्षी स्पर्धकाने आपला दागिना परीक्षकांसमोर सुटा करून दाखवायचा, आणि कच्चा माल कुठून आला ते सांगायचं. अजून उत्तर आलेलं नाही. बहुतेक फाईलला लागली असेल.

खोका वर्कशॉपच्या बाहेर अजून आहे. टाकताना सेल काढून टाका, विशेषतः ते बटणासारखे बारीक सेल. सेलवर चालणारं जे खेळणं दुरुस्तच होत नाही त्याचा ढीग वेगळा ठेवलाय, तो ई-कचऱ्यात जाणार. २०२२ च्या ई-कचरा नियमांत खेळण्यांचाही वर्ग आहे. आणि दोरीवाला पिवळा जेसीबी ज्या कोणाचा असेल त्याने तो घेऊन जावा. त्याचा पंजा आता व्यवस्थित वर-खाली होतो.